वॉरंटी किती वर्षांची घेऊ?

२०२५ च्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे नेमक्या त्याच आठवड्यात जेव्हा वर स्कॉटलंडमध्ये पारा उणे १८.९ ला गेला होता आणि लंडनजवळच्या आमच्या रेडिंगलासुद्धा रोज सकाळी गाडीची काच खरवडण्यात दहा मिनिटं जात होती, आमचा बॉयलर गेला. म्हातारं माणूस जातं तसाच गेला. आधी दोन वर्षं कुरकुर, मधूनच एकदम तरतरी, आणि मग एक दिवस पहाटे साडेपाचला टक् टक् टक् असा तीनदा पेटायचा प्रयत्न करून गप्प. पडद्यावर एक कोड लुकलुकत राहिला. नवऱ्याने रीसेटचं बटण दाबलं, मी दाबलं, लेक कॉलेजला जाता जाता दाबून गेली, आणि मग आम्ही तिघांनी मान्य केलं की आता दाबून काही होणार नाहीये.

पुण्यामुंबईला राहणाऱ्यांसाठी थोडं सांगते, कारण आपल्याकडे बॉयलर म्हणलं की लोकांना साखर कारखाना आठवतो. इथे बॉयलर म्हणजे भिंतीला टांगलेली पांढरी पेटी, आमच्याकडे ती स्वयंपाकघरात चहासाखरेच्या डब्यांशेजारच्या कपाटात आहे. ती गॅसवर पाणी तापवते, ते पाणी फरशीखालच्या पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं, गार होऊन परत येतं, परत तापतं, परत जातं, ऑक्टोबर ते एप्रिल हेच चाललेलं असतं. आमचा होता कॉम्बी, म्हणजे नळाचं गरम पाणीही तीच पेटी देते, साठवायची टाकी वगैरे काही नाही. त्यामुळे ती बंद पडली की एका फटक्यात घरही गार आणि आंघोळही गार.

शेजाऱ्यांकडून एक आणि माळ्यावरून एक असे दोन फॅन हीटर आणले, दोन-दोन किलोवॅटचे. विजेचा दर तेव्हा युनिटला जवळपास २५ पेनी, म्हणजे एक हीटर एक तास चालवायचे ५० पेनी, दोन्ही दहा तास चालवले की दहा पाउंड, आणि एवढं करून पाय गारच. आंघोळीला मोठ्या पातेल्यात पाणी तापवून बादलीत. बादली आमच्याकडे आहेच, सासूबाई येतात तेव्हा त्यांना शॉवरखाली उभं राहून "आंघोळ झाल्यासारखी वाटत नाही", म्हणून इंडियन दुकानातून आणलेली मग्गासकट निळी बादली. लेकीने तीन दिवस मैत्रिणीच्या घरी आंघोळ केली आणि तिथे कारण काय सांगितलं देव जाणे.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. मी स्वेटरवर शाल आणि शालीवर पांघरूण अशी बसले होते त्यामुळे सांगणं भागच होतं. तिने विचारलं खर्च किती. म्हणलं अडीच हजार पाउंड तरी. आई हिशेब रुपयात करत नाही, सोन्यात करते. दोन सेकंद थांबली आणि म्हणाली, "तीन तोळे." मग अजून दोन सेकंदांनी, "एका बंबाला तीन तोळे?"

मग अर्थातच वाईचा बंब निघाला. आईच्या माहेरचा तांब्याचा बंब, तिच्या आजीच्या लग्नात आलेला, आई लग्न होऊन पुण्याला आली तरी तिकडे चालूच होता, आणि अख्ख्या आयुष्यात त्याला खर्च काय तर एकदा तोटी गळायला लागली म्हणून पुण्याच्या तांबट आळीतून डाग मारून आणला, बस. हे मी लहानपणापासून ऐकलंय. या वेळी थंडीने माझं डोकं सटकलेलं होतं म्हणून विचारलं, की त्या बंबाला पहाटे चारला उठून लाकडं आणि करवंट्या कोण घालायचं, राख कोण काढायचं? "मामी, अजून कोण?" म्हणजे सर्व्हिसिंगसकट सगळं मामीकडे होतं.

आता हा बॉयलर तसा आमचा नव्हताच. २०११ मध्ये घर घेतलं तेव्हा तो भिंतीवर आधीपासून होता. आणि घर तरी का घेतलं, तर भाड्यापेक्षा हप्ता कमी बसत होता म्हणून. आम्ही २००४ ला आलो ते दोन वर्षांसाठी. मग ते "पाच वर्षांत परत" झालं, आणि ही पाच वर्षं अशी काही आहेत की ती कधी चार होत नाहीत. लेक शाळेत जायच्या आत परत जाऊ. मग सेकंडरीच्या आत. मग म्हणलं आता ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, होऊ देत. मधल्या काळात इथला पासपोर्टही घेतला, पण तो काय, सोयीसाठी, सगळेच घेतात. त्या फॉर्मवर सही करताना मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं, उलट ओसीआयची, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाची, फी किती हेच डोक्यात होतं.

पण "पाच वर्षांत परत"चा घरावर परिणाम होतो. भिंतींना आधीच्या मालकांचा तोच पिवळट मॅग्नोलिया रंग, पडदे त्यांचेच, सोफा सेकंडहँड. इथलं काहीही बिघडलं की आमचं ठरलेलं वाक्य, आत्तापुरतं करा. बॉयलरचंही तेच झालं. २०१४ ला डायव्हर्टर व्हॉल्व्ह गेला, म्हणजे नळ सोडला की पाणी गरम पण रेडिएटर गार किंवा उलट, २२० पाउंड. २०१८ ला प्रेशर टिकेना, सुई एक बारच्या खाली, रोज सकाळी खालचा नळ फिरवून पाणी भरायचं, एक्स्पान्शन व्हेसल बदलली, १८०. २०२१ ला पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, ३४०. २०२३ ला पंखा, २९०. दर वेळी येणारा माणूस सांगायचा की हा आता जुना झालाय, नवाच घ्या, आणि आम्ही त्याच्याकडे असं बघायचो की हा आपल्याला लुटायलाच आलाय. बेरीज केली तर १,०३० पाउंड आणि वर दरवर्षीचं सर्व्हिसिंग. एवढ्यात अर्धा नवा बॉयलर आला असता, पण अर्धा बॉयलर घेता येत नाही आणि पाच वर्षांसाठी अख्खा कोण घेतो.

२०१८ चं अजून एक आठवतंय. फेब्रुवारी संपता संपता सैबेरियाकडून वारं आलं, इथल्या पेपरांनी त्याला पूर्वेचं श्वापद असं नाव दिलं होतं, बीस्ट फ्रॉम दी ईस्ट. त्यात बॉयलर बंद. आम्हाला वाटलं संपलं सगळं. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून विचारलं, बाहेरचा पाइप बघितलात का? २००५ पासून इथे नवा गॅस बॉयलर घेतला की तो कंडेन्सिंगच घ्यावा लागतो, म्हणजे धुरातली वाफ गार करून तिचीही उष्णता वापरणारा, आणि त्या वाफेचं जे पाणी होतं ते एका बारक्या प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर टिपकतं. तो पाइप गोठला की बॉयलर आपला आपण बंद होतो. आता तो पाइप जाड घालतात, ३२ मिलिमीटरचा, आमचा जुना २१.५ चा. मग काय, मी कुकरमधलं कोमट पाणी तांब्यातांब्याने त्या पाइपावर घालतेय, रात्री अकरा वाजता, बर्फात, नाइटीवर नवऱ्याचं जॅकेट घालून. पिंडीवर अभिषेक करतात तसं. वीस मिनिटांत चालू झाला. त्या दिवसापासून माझा त्या बॉयलरवर थोडा जीव बसला हे कबूल करते.

आणि २०२२ चा हिवाळा. गॅस-विजेच्या दरांची मर्यादा साध्या घरासाठी वर्षाला १,२७७ पाउंडांवरून एका वर्षात ३,५४९ वर जाणार होती, सरकारने मधे पडून ती अडीच हजारांवर धरली आणि वर सहा महिन्यांत मिळून ४०० पाउंड दिले, तरी लोकांचे चेहरे उतरलेले. आम्ही तिघं त्या डिसेंबरात एका खोलीत झोपलो. थर्मोस्टॅट १७ वर. तो थर्मोस्टॅट हॉलच्या दारापाशी आणि गारठा मागच्या बेडरूममध्ये, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. लेकीने तेव्हाच जाहीर केलं होतं की मोठी झाल्यावर ती २३ लावून झोपणार.

असो. जानेवारी २०२५. पंख्यासकट आता हीट एक्स्चेंजर, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणारा भाग, तोही गेलाय, आणि या मॉडेलचे पार्ट यायचे बंद झालेत, असं निदान झालं. आता "आत्तापुरतं" उरलंच नव्हतं. तीन कोट, म्हणजे खर्चाचे अंदाज, मागवले.

पहिला आला मोठ्या कंपनीचा माणूस. सूट, टॅबलेट, बुटांवर निळी प्लास्टिकची पिशवी. त्याने घर बघितलं कमी आणि आम्हाला बघितलं जास्त. ४,१०० पाउंड, आज सही केली तर तीनशे कमी, आणि दहा वर्षांच्या हप्त्याने घेतलं तर महिन्याला अमुक, जी रक्कम त्याने एवढी मोठी आणि ठळक दाखवली की व्याजाचा आकडा शोधायला मला चष्मा काढून परत घालावा लागला. वर म्हणाला हा बॉयलर हायड्रोजन-रेडी आहे, म्हणजे पुढे गॅसऐवजी हायड्रोजन आला तरी चालेल. आता घराघरांत हायड्रोजन पोचवून बघायचे जे दोन मोठे प्रयोग ठरले होते, एलस्मीर पोर्टजवळ आणि रेडकारला, ते दोन्ही २०२३ मध्येच गुंडाळले गेले. लोकांनी नको म्हणलं, आणि रेडकारला तर हायड्रोजनच पुरेसा मिळेना. म्हणजे येणाऱ्या पाहुण्याने बेत रद्द केलाय आणि हा आम्हाला पाहुण्याची खोली विकतोय.

दुसरा कोट ऑनलाइन. फोटो पाठवा, दहा मिनिटांत भाव. २,६९० पाउंड, छान वाटलं. मग प्रश्न यायला लागले. गॅसचा पाइप १५ मिमी आहे का २२? १५ असेल तर मीटरपासून नवा टाकावा लागेल, जादा. धुराडं कुठे निघतं, शेजाऱ्यांच्या खिडकीपासून किती लांब? जादा. रेडिएटरमधलं पाणी काळं आहे का? असेल तर पॉवर फ्लश, म्हणजे जोराने पाणी सोडून सगळं धुणं, जादा. रात्री अकरापर्यंत आम्ही ३,४०० ला पोचलो होतो.

तिसरा आला तो साठीचा एक स्थानिक गॅस इंजिनिअर, लेकीच्या मैत्रिणीच्या वडिलांनी सुचवलेला. आल्या आल्या न विचारता खिशातून गॅस सेफचं कार्ड काढून दाखवलं. २००९ पासून इथे त्या रजिस्टरात नाव असल्याशिवाय गॅसच्या कामाला हात लावता येत नाही, त्याआधी कॉर्गी नावाचं रजिस्टर होतं, आणि कार्ड उलटं करून बघायचं असतं कारण कुठली कुठली कामं करायची परवानगी आहे ते मागे लिहिलेलं असतं. हे त्यानेच शिकवलं, मी चौदा वर्षं नुसता पुढचा फोटो बघून "हो हो" म्हणत होते.

हा माणूस घर वाचायला लागला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. भिंतींवर टिचक्या मारत, कार्पेटचा कोपरा उचलून, माळ्यावर डोकं घालून. १९३०च्या दशकातलं घर, म्हणजे प्रत्येक खोलीत कोळशाची शेकोटी होती, ही बघा इथे चिमणी बुजवलीय. मागच्या अंगणातलं ते सिमेंटचं खोपटं, ज्यात आम्ही लेकीची जुनी सायकल ठेवलीय, ती कोळशाची कोठी. मग १९५२ चं लंडनचं ते भयंकर धुरकं, १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा, कोळसा हळूहळू मागे पडला. मग उत्तर समुद्रात गॅस सापडला आणि १९६७ ते ७७ अशी दहा वर्षं गॅसवाले गल्लीगल्लीत घरोघर जाऊन शेगड्यांचे बर्नर बदलत होते, कारण आधीचा गॅस कोळशापासून काढलेला आणि नव्याची ज्योत वेगळी. त्याचे वडील तेच काम करायचे म्हणे. मग कोणीतरी आमच्या दिवाणखान्यातल्या शेकोटीमागे बॅक बॉयलर बसवला, त्याची गरम पाण्याची तांब्याची टाकी वर एअरिंग कबर्डमध्ये, म्हणजे कपडे उबदार ठेवायच्या कपाटात, आणि २००६ मध्ये कोणीतरी ते सगळं उपटून हा कॉम्बी लावला, पण गॅसचा पाइप मात्र जुनाच ठेवला, पैसे वाचवायला. "आत्तापुरतं," मी मनात म्हणलं. आमच्या आधीही या घरात आमच्यासारखंच कोणीतरी राहून गेलंय.

त्याचा कोट दुसऱ्या दिवशी आला, २,४५० पाउंड, आणि त्यात पेटीची किंमत अर्ध्याहून कमी. बाकी सगळं म्हणजे २२ मिमीचा पाइप, रेडिएटर धुणं, गाळ पकडणारा चुंबकाचा फिल्टर, जुना काढून नेणं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, दोन माणसांचा दीड दिवस, आणि २० टक्के व्हॅट. मी इतके दिवस समजत होते की आपण बॉयलर बदलतोय. बिलात बघितलं तर आधीच्या लोकांनी जे जे पुढे ढकललं होतं त्याचेच पैसे जास्त.

किलोवॅटचं पण मजेशीर झालं. टॅबलेटवाल्याने ३५ किलोवॅटचा सांगितला होता. या माणसाने विचारलं, एका वेळी किती शॉवर चालतात? एकच बाथरूम, एकच शॉवर, आणि एक बादली. बादली त्याला समजावून सांगावी लागली, मग खूश झाला. म्हणाला घर गरम ठेवायला या आकाराच्या घराला कडाक्याच्या दिवशीही सात-आठ किलोवॅट पुरतात, बाकी सगळी ताकद नळाच्या पाण्यासाठी. २४ चा बॉयलर मिनिटाला दहा लिटरच्या आसपास पाणी ३५ अंशांनी तापवतो. म्हणजे सासूबाईंची बादली दोन मिनिटांत. मग ३५ कशाला? पाहुणे आलेच तर ओळीने आंघोळ करतील, आमच्याकडे तसेही ओळीनेच करतात.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग लेक मधे पडली. ती सतरा वर्षांची, ए-लेव्हलला जिऑग्रफी, आणि तिचं म्हणणं की २०२५ मध्ये परत गॅसचा बॉयलर लावणं हे लाजिरवाणं आहे, विजेवरचा हीट पंप लावा. तिचं चुकत नव्हतं म्हणून जास्त राग आला. सरकार इंग्लंड-वेल्समध्ये हीट पंपाला ७,५०० पाउंड देतं, २०२३ च्या ऑक्टोबरात ५,००० चे ७,५०० केले, त्याच्या आदल्याच महिन्यात २०३५ ची गॅस बॉयलरबंदी ढिली केली होती, म्हणजे एका हाताने काठी मागे घेतली आणि दुसऱ्या हाताने गूळ पुढे केला. वर हीट पंपाला २०२७ च्या मार्चपर्यंत व्हॅट शून्य.

मी हट्टाने कागद पेन्सिल घेऊन बसले. तेव्हा गॅस युनिटला ६.३४ पेनी, वीज २४.८६, जवळपास चौपट. पण हीट पंप एक युनिट वीज घेऊन बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात तीन ते साडेतीन युनिटं टाकतो. तीन धरली तर उष्णतेचं एक युनिट पडतं ८.३ पेनीला, साडेतीन धरली तर ७.१ ला. आणि बॉयलरही जळलेल्या गॅसची सगळी उष्णता देत नाही, ८८ टक्के धरले तर ७.२. म्हणजे चांगला बसवला तर बरोबरी, वाईट बसवला तर तोटा. बसवायचा खर्च मात्र, एकाने घर बघून सांगितला, अनुदान वजा जाऊन ५,८०० पाउंड, कारण पाणी कमी तापमानाला फिरणार म्हणून चार रेडिएटर मोठे घ्यावे लागणार. आणि गरम पाण्याची टाकी लागणार. टाकी कुठे? अर्थात एअरिंग कबर्डमध्ये, जिथे पूर्वी होती.

एअरिंग कबर्डमध्ये आमचं देवघर आहे.

घर घेतलं तेव्हा ते रिकामं कपाट बघून सासूबाईंनीच ठरवलं होतं. टाकीची जागा, त्यामुळे मापात, दार बंद करता येतं, मागून रेडिएटरचे पाइप जातात म्हणून हिवाळ्यातही कोमट. या घरात सगळ्यात उबदार जागेत देव राहतात आणि आम्ही बाहेर कुडकुडतो. हीट पंपाच्या सर्व्हेवाल्याने दार उघडलं, गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, टाक, सगळ्यांकडे बघितलं, अदबीने दार लावलं आणि टॅबलेटवर "कपाट वापरात" असं काहीतरी टाइप केलं.

दुसरं म्हणजे फुलके. गॅसची जोडणी पूर्ण काढली तर रोजचा, तेव्हा ३२ पेनीचा, स्थिर आकार वाचत होता, वर्षाला शंभरावर पाउंड, हिशेब हीट पंपाकडे झुकत होता. पण मग शेगडी इंडक्शनची. नवरा म्हणाला भाकरी तव्यावर होईल की. होईल, पण टम्म कशावर फुगवशील, एक्सेलवर?

पण खरं कारण देवही नव्हते आणि फुलकेही नव्हते. सर्व्हे, अनुदानाचं व्हाउचर, वीज कंपनीला कळवणं, टाकी, रेडिएटर, सगळं धरून सहा ते आठ आठवडे सांगितले, आणि घरात ११ अंश होते. ही सगळी योजना अशा माणसासाठी केलीय जो निवांत जुलै महिन्यात बसून विचार करतो की आपला बॉयलर म्हातारा झालाय. असा माणूस मी बघितला नाहीये. बॉयलर जातो जानेवारीतच, कारण तेव्हाच तो राबत असतो, आणि जानेवारीत माणूस फक्त एवढंच विचारतो की कधी येताय. उन्हाळ्यात तर आम्ही पुण्याला असतो आणि तिथे विषय असतो पंख्याचा. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग मागच्या जुलैत का नाही विचार केला?" कारण मागच्या जुलैत आम्ही पाच वर्षांत परत जाणार होतो, बाई.

म्हणजे गॅसच. इंजिनिअरला फोन केला, शनिवारी सकाळी परत आला, ओट्याशी उभा राहून चहा घेतला, आलं घातलेला, कपाळाला आठी पडली पण संपवला. म्हणाला एकच ठरवायचं राहिलंय. हाच बॉयलर पाच वर्षांच्या वॉरंटीचा, किंवा त्याच कंपनीचा वरचा, दहा वर्षांच्या वॉरंटीचा, ३२० पाउंड जास्त. दोन्ही चांगलेच, आतला भाग जरा वेगळा, दरवर्षी सर्व्हिसिंग केलं नाही तर दोन्हीची वॉरंटी जाते. मग अगदी सहज, कपात बघत, "तसं अवलंबून आहे, तुम्ही इथे किती वर्षं राहणार आहात?"

तो घराबद्दल विचारत होता. आम्ही ऐकलं ते देशाबद्दल.

नवरा माझ्याकडे बघतोय, मी नवऱ्याकडे. वीस वर्षं हा प्रश्न आम्हाला लोक विचारतायत, पुण्यात नातेवाईक विचारतात, मंडळाच्या गणपतीत विचारतात, आम्ही एकमेकांना विचारतो, आणि उत्तर पाठ आहे. पण ते उत्तर कोणी ३२० पाउंडांना कधी विचारलं नव्हतं. पाच म्हणलं तर २०३० मध्ये परत हाच तमाशा, तेव्हा आम्ही पंचावन्नच्या पुढे. दहा म्हणलं तर २०३५. लेक तोपर्यंत सत्तावीस. ती जिन्यावर बसून फोनमध्ये बोटं चालवत होती, मान वर न करता म्हणाली, "दहा घ्या ना. ऑब्व्हियसली." तिला यात प्रश्न काय आहे तेच कळत नव्हतं.

"दहा," नवरा म्हणाला, मग लगेच इंजिनिअरला, "घर विकताना पण बरं पडतं ना, वॉरंटी शिल्लक असली की?" "हो, पडतं," तो म्हणाला. बिचाऱ्याला काय माहीत त्याने कोणाला काय सोडवणूक दिली.

बुधवारी दोघं आले. जुना उतरवला तेव्हा भिंतीवर त्याच्या आकाराचा चौकोन निघाला, फुलाफुलांच्या केशरी वॉलपेपरचा, सत्तरच्या दशकातला असावा, आणि त्याच्यावर पेन्सिलीने नोव्हेंबर २००६ आणि दोन आद्याक्षरं. रेडिएटरमधून निघालेलं पाणी शाईसारखं काळं होतं, लोखंड गंजून होतो तो गाळ, चुंबक लावला की केसांसारखा चिकटतो. एवढ्या गाळातून अठरा वर्षं पाणी फिरलं आणि आम्ही म्हणत होतो घर तापत नाही, बॉयलर खराब आहे.

नवा लावून झाला, गळती तपासली, मग त्याने हीटिंगच्या पाण्याचं तापमान ७५ वरून ५५ वर आणलं. मला वाटलं चुकून केलं. म्हणाला, परत येणारं पाणी ५५ च्या खाली असलं तरच धुरातली वाफ नीट थिजते, नाहीतर कंडेन्सिंगचे पैसे देऊन उपयोग काय, आणि बहुतेक घरांत हे कोणी सांगतच नाही. रेडिएटर हाताला पोळणार नाहीत, घाबरू नका, जास्त वेळ चालू ठेवा. पहिले दोन दिवस मी दर तासाला हात लावून बघत होते, ताप आलेल्या मुलाच्या कपाळाला लावतो तसा. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मागच्या बेडरूममध्येही स्वेटर काढून बसलेय.

एकूण २,७७० पाउंड. तो जाताना कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक स्टिकर लावून गेला, पुढचं सर्व्हिसिंग जानेवारी २०२६.

रविवारी आईचा फोन. आधी मी शालीत नाही हे बघून खूश झाली. मग म्हणाली, किती झाले शेवटी? मी सांगितलं. "साडेतीन तोळे," लगेच. मग दाखव म्हणाली, म्हणून फोन घेऊन कपाट उघडून दाखवला. पांढरी पेटी. तिला काही विशेष वाटलं नाही, म्हणाली बंब कसा दिसायला तरी होता.

"टिकेल ना पण चांगला? किती वर्षं?"

"दहा वर्षांची वॉरंटी आहे. पण पंधरा चालतो, नीट ठेवला तर."

आई चौऱ्याहत्तरची आहे. हिशेब तिला माझ्यापेक्षा लवकर होतात, सोन्यातले काय आणि कसले काय.

"पंधरा का," ती म्हणाली. आणि मग, "जेवलात का तुम्ही?"